जबड्यातला आवाज

वारणानगरच्या डेअरीतली पाळी संपवून स्नेहल लेकीला घेऊन तशीच एसटीत चढली. राजारामपुरीतल्या दवाखान्यात पोचेपर्यंत तिचे पाय भरून आले. दर महिन्याला हेच. बारा वर्षांच्या तेजस्वीचा खालचा जबडा मागं होता. तो पुढं यावा म्हणून दातांच्या डॉ. संघप्रिया मॅडमनी आठ महिन्यांपूर्वी वरच्या-खालच्या दातांवर घालायच्या दोन प्लेटी दिल्या होत्या. आता कुठं हनुवटी दिसू लागली, तर कानापुढं दुखायला लागलं. दुष्काळात तेरावा महिना!

डॉक्टरांनी पोरीच्या कानांपुढं बोटं ठेवली. "तोंड उघड. मीट."

कट्. कट्.

त्यांनी पहिल्या दिवसाचा कागद काढला. "तेव्हा जबड्याच्या सांध्यात आवाज नव्हता. म्हणजे प्लेटीनंतरच सुरू झाला. सहसा प्लेटीनं सांधा बिघडत नाही, थोडं दुखून थांबतं. पण मला जोखीम नको. प्लेटी बंद करूया."

"मग परत कवा घालायच्या?"

"वाढीचं वय गेलं की त्यांचा उपयोग नाही. मोठेपणी ऑपरेशनच."

स्नेहलनं त्या कागदाकडं पाहिलं. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं होतं, आवाज येतो का म्हणून. तेजस्वी सांगणारही होती. पण शेजारी नणंद बसलेली. तिच्या कानावर गेलेली गोष्ट सासरी गारगोटीभर व्हायला संध्याकाळ लागत नाही, आणि पोरीच्या जातीला एकदा खोट चिकटली की सुटत नाही. म्हणून स्नेहलच घाईनं म्हणाली होती, "न्हाय की! आवाज कसला?" घरात जेवताना तो आवाज तिनं कैक वेळा ऐकला होता. एवढी शहाणी बाई!

"तेजस्वी, तू सांग. कधीपासून येतो आवाज?" डॉक्टरांनी विचारलं.

पोरीनं आधी आईकडं पाहिलं. काय सांगायचं, हे विचारणारी नजर. स्नेहलला ती सोसेना. खोटं सांभाळायचं बळही आता तिच्यात उरलं नव्हतं.

"माझ्याकडं नगं बघूस. खरं हाय ते सांग. मीच खोटं बोलले, मॅडम."

"चौथीपासनं," तेजस्वी म्हणाली.

डॉक्टरांनी कागदावरची जुनी ओळ खोडली. "हे आधी कळायला हवं होतं. आता सांध्याचा एमआरआय काढू, प्लेटीचं मग ठरवू. चावताना त्रास होतो?"

"भाकरी चावताना जबडा अडकतोय. पोरी हसत्यात. म्हणून शाळेत डबा खात न्हाय मी."

"मग डबा रिकामा कसा येतोय गं?" स्नेहलनं विचारलं.

"कुत्र्याला घालते. तूच म्हणलीस की, कुणाला कळाय नको."