कडं, काका आणि बटाटा

शाळेच्या सभागृहात अख्खी गल्ली एका पायावर उभी होती. वकील, न्हावी, मुख्याध्यापिका, सगळे! व्यासपीठावरून तोलबाबा गरजत होते, "ब्रह्मांडाचा तोल या तांब्याच्या कड्यात! लकवा असो, चक्कर असो, कडं घाला! व्यायाम बंद! व्यायामानं कड्याची शक्ती उतरते!"

काकू पहिल्या रांगेत होत्या. काकांची डावी बाजू लकव्यानं लुळी पडली, तेव्हापासून फिजिओथेरपिस्ट घरी येऊन त्यांना उभं करायची. "काका, डोळे मिटा. वजन कुठल्या पायावर आहे, सांगा." काकूंना वाटायचं, हा काय पोरखेळ! बाबांचं ऐकून त्यांनी काकांना कडं घातलं आणि तिचं येणं बंद केलं. भिंत धरून न्हाणीपर्यंत जाणारे काका पुन्हा खुर्चीला खिळले. "श्रद्धा कमी पडतेय," बाबा म्हणाले. म्हणून काकू आज काकांनाच घेऊन आल्या होत्या. थेरपिस्टला कळलं, तीही मागोमाग आली.

बाबांनी काकांना उभं केलं. थेरपिस्ट पाठीशी उभी राहिली. बाबांनी आधी कडं काढून काकांचा पसरलेला उजवा हात दाबला. काका कलंडले, तिनं सावरलं. मग कडं चढवून दाबला. काका जागच्या जागी! टाळ्यांचा कडकडाट झाला.

"लबाडा!" काका अडखळत म्हणाले. "आधी... बाहेर दाबलंस. वजन पायाच्या कडेवर गेलं. आता... अंगाकडे दाबतोयस."

"रोग्याला भ्रम होतो," बाबा म्हणाले.

"बघूच," म्हणत थेरपिस्टनं काकूंच्या पिशवीतला बटाटा वकिलांच्या हातात दिला आणि त्यांना एका पायावर उभं केलं. हात अंगाच्या दिशेनं दाबला, वकील ढिम्म. बटाटा काढून घेतला, हात बाहेरच्या बाजूला दाबला. वकील थेट मुख्याध्यापिकेच्या अंगावर!

मागून आवाज आला, "बाई, बटाटा कुठल्या हातात धरायचा?"

"अहो, भाजी करा त्याची!" तिनं कपाळाला हात लावला. "लकव्यामुळे पाय कुठे टेकलाय हे काकांचा मेंदू विसरलाय. सरावानं त्याला शिकवावं लागतं. काका शिकत होते, म्हणून तर चोरी पकडली!"

तोवर बाबांनी काढता पाय घेतला होता.

काकूंना रडूच फुटलं. "मीच तुमचं शिकणं बंद केलं हो!"

"रड नंतर," काका म्हणाले. "आधी... हात दे. चालायचंय."

मंडळी, उद्या कुणी तुमचा हात दाबून चमत्कार दाखवला, तर नमस्कार करण्याआधी एवढंच विचारा: "बुवा, दाबलंत कुठल्या बाजूला?"