घरच्या घरी घेतलेली सही

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर जेवण सोडून बाकी सगळं होतं. धाकटीचे नकाशे, नोंदींच्या नकला, पट्टी, तीन रंगांची पेनं. एका कोपऱ्यात जागा करून आत्या भाजी निवडत बसली होती आणि दर दोन मिनिटांनी एखादा कागद चिमटीत धरून पलीकडे सरकवत होती.

धाकटी रिअल इस्टेटमध्ये पदव्युत्तर पदवी करत होती. जमिनीची मालकी कशी तपासायची, तिच्यावर काय बांधायचं, कुणासाठी बांधायचं, असा दोन वर्षांचा अभ्यास. ओळखीपाळखीत हे कुणाच्या पचनी पडलं नव्हतं. शेजारच्या काकांनी तर जिन्यात गाठून विचारलं होतं, "म्हणजे दलालीत एम.ए. म्हण की!" दादाला मात्र बहिणीचं कोण कौतुक. वडील गेल्यावर जुनं घर पाडून सहा मजली इमारत उठवायचं त्याने ठरवलं होतं, बिल्डरशी बोलणी पक्की केली होती. घरातच तज्ज्ञ तयार होतोय याचा त्याला आनंद होता. तज्ज्ञाने गप्प बसावं एवढीच त्याची अपेक्षा होती.

त्या सकाळी धाकटी जुन्या घराच्या मोजणीचा नकाशा बघत होती. मागच्या अंगाची खोली, दहा बाय आठ, एक खिडकी. आत लिहिलं होतं, 'अडगळ'.

"दादा, ही तर आत्याची खोली आहे."

"अगं, मोजणीवाल्याने लिहिलंय. काहीतरी लिहावं लागतं."

"आणि नव्या नकाशात ती कुठे राहणार?"

"बघू की. आत्याला जागा ती किती लागते?" दादा हसला. आत्याही हसली. हसण्याची तिला सवय होती.

नवरा गेल्यावर आत्या सव्विसाव्या वर्षी माहेरी परतली होती. त्याला चौतीस वर्षं झाली. तेव्हापासून या घरातलं सगळ्यांच्या आधी उठणं आणि सगळ्यांच्या नंतर जेवणं तिच्याकडे होतं. लोक तिला प्रेमाने 'घरचा आधार' म्हणत. घराने आधाराला खोली दिली होती, तीही नकाशावर अडगळ म्हणून. ज्याच्या घरात अशी एखादी आत्या नाही त्याने खुशाल ही गोष्ट इथेच सोडून द्यावी.

कॉलेजातल्या बाईंनी त्या सत्रात एकच काम दिलं होतं. कुठलाही एक भूखंड घ्या आणि त्याची मालकी चाळीस वर्षं मागे शोधत जा. "कागद खोटं बोलतो," बाई म्हणायच्या, "पण माणसाइतकं सफाईने नाही." धाकटीने आपल्याच घराची जागा निवडली. म्हटलं, काम सोपं होईल.

तीन शुक्रवार तिने नोंदणी कार्यालयात घालवले. आजोबांनी जागा घेतल्याची नोंद सापडली. आजोबा गेल्यावर मुलगा आणि मुलगी असे दोन वारस लागल्याची नोंद सापडली. आत्याने हक्क सोडल्याची मात्र सापडेना. घरी कपाटात तो कागद होता, तिने स्वतः पाहिला होता. 'मी माझा हिस्सा स्वखुशीने भावास सोडून देत आहे', खाली आत्याची वळणदार सही, दोन चुलत काकांची साक्ष.

"कागद घरी ठेवून काय उपयोग?" कारकून म्हणाला. "इथे येऊन नोंदवला नाही तर त्याला अर्थ नाही. सही करणाऱ्या बाईंना इथे आणलंच नसेल."

आणलं नव्हतंच. का, ते धाकटीला चांगलं ठाऊक होतं. 'आमच्या घरातल्या बायका कचेरीची पायरी चढत नाहीत' हे वाक्य तिने वडिलांच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं, मान उंच करून म्हटलेलं. बाईची सही हवी, बाई मात्र चारचौघांत दिसायला नको. म्हणून सही जेवणाच्या टेबलावर घेतली गेली आणि ज्या इभ्रतीपायी ती घरी घेतली, तिनेच ती फुकट घालवली. धाकटी कार्यालयाच्या बाकावर बसून एकटीच हसली, मग तिला भयंकर राग आला.

घरी आली तर आत्याच्या नाकावर नवा कोरा चष्मा. दोन वर्षं ती पेपर हातभर लांब धरून वाचत होती, दोन वर्षं दादा 'पुढच्या आठवड्यात नक्की' म्हणत होता. आज सकाळी तो तिला गाडीतून घेऊन गेला आणि संध्याकाळी चष्मा हजर.

"एवढी माया कशी काय उतू गेली?" धाकटीने रात्री जेवताना विचारलं.

"अगं, एका कागदावर सही करायची आहे तिला," दादा सहज म्हणाला. बिल्डरच्या वकिलाने त्याला तेच सांगितलं होतं, जे धाकटीला कारकुनाने. "आणि तुझीही. दोघींची एकाच दिवशी उरकू. सोमवारी."

"मी करणार नाही."

दादाने घास खाली ठेवला. "काय म्हणालीस?"

"बाबांच्या वाट्यात माझा वाटा आहे, तो मी सोडणार नाही. आणि आत्याचा अर्धा तर अजून तिच्याच नावावर आहे."

"चार पुस्तकं वाचलीस आणि घर फोडायला निघालीस? सगळ्यांच्या बहिणी सह्या देतात. त्यांना कळत नाही का? भावाने दार उघडं ठेवावं म्हणून देतात."

"म्हणजे दार सहीवर उघडतं? मग त्याला माहेर कशाला म्हणायचं, कार्यालयच म्हण ना."

"पुरे गं," आई म्हणाली. "वन्सं, तुम्ही तरी सांगा हिला."

आत्या उठली. तिने ताटं उचलली.

धाकटी पाठोपाठ स्वयंपाकघरात गेली. दार लोटून तिने नोंदीची नक्कल आत्याच्या ओल्या हातात ठेवली. आत्याने हात पुसले, चष्मा नीट केला आणि बोट ठेवून ओळ वाचली. मग पुन्हा वाचली.

"हे माझं माहेरचं नाव आहे," ती म्हणाली. "लग्नाआधीचं. या नावाने मला कुणी हाक मारून चाळीस वर्षं झाली असतील."

"आत्या, तेव्हा तू सही का केलीस?"

"तुझ्या बाबांनी पेन पुढे केलं. माझी ट्रंक अजून दारातच होती, आत सुद्धा घेतली नव्हती कुणी." ती सरळ, कोरड्या आवाजात बोलत होती. "सही झाल्यावर मग आत घेतली. स्वखुशीने केली बरं का. तसं लिहिलंय त्यात."

धाकटीला रडू कोसळलं. आत्याने तिला जवळ घेतलं नाही. कागद घडी करून स्वतःच्या उशीखाली ठेवून आली.

सोमवारी सकाळी आत्या सगळ्यांच्या आधी तयार होती. "चला की," ती दादाला म्हणाली, "कचेरी कशी असते ते बघायचं राहून गेलंय माझं." दादाचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांची सवय एका कागदाने मोडत नसते, धाकटीने मनाशी म्हटलं. साक्षीदार म्हणून आईलाही गाडीत घेतलं होतं.

कार्यालयात गर्दी होती. दोन तासांनी पुकारा झाला. टेबलापलीकडे तोच कारकून. त्याने वर न बघता कागद पुढे ओढला आणि रोज विचारतो तसं विचारलं, "बाई, हक्क स्वखुशीने सोडताय ना? कुणाचा दबाव नाही ना? इथे सही करा."

"नाही," आत्या म्हणाली.

"दबाव नाही. ठीक. करा सही."

"दबाव आहे. खुशी नाही," आत्या म्हणाली. "तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, मी दोन्हीची उत्तरं दिली."

कारकुनाने आता वर पाहिलं. "बाई, बावीस वर्षांत या टेबलावर कुणी नाही म्हटलेलं नाही. मी काय लिहू?"

"मी म्हटलं तेच लिहा. आणि माझं नाव पूर्ण लिहा, नोंदीत आहे तसं."

"आत्या!" दादा ओरडला. सगळी रांग वळून बघू लागली. "चौतीस वर्षं आम्ही तुला सांभाळलं!"

"कुणी कुणाला सांभाळलं ते घरी जाऊन बोलू, बाळा. माझ्या घरी." तिचा आवाज जराही चढला नव्हता. "इमारत बांध. सहा मजली बांध, मला आनंद आहे. माझा हिस्सा दाखवून बांध. नकाशा हिच्याकडून तपासून घेईन, मग सही करीन."

कारकुनाने पेन धाकटीकडे वळवलं. "आणि तुम्ही?"

"माझंही तेच लिहा," धाकटी म्हणाली.

दादा ताडकन उठला. "बघतोच मी. कोर्टात बघतो," असं म्हणत गर्दी ढकलत बाहेर गेला. खाली गाडीचा हॉर्न वाजला, दोनदा, तीनदा. तो आईला बोलावत होता. आई जागची हलली नाही. पदर दोन्ही हातांत घट्ट धरून ती त्या टेबलाकडे, त्या पेनाकडे बघत उभी होती. हॉर्न थांबला. गाडी निघून गेल्याचा आवाज आला.

"आई, चल, बसने जाऊ," धाकटी म्हणाली.

"थांब जरा." आई तिच्या अगदी जवळ आली आणि रांगेतल्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने पुटपुटली, "माझ्या भावांनीही सही घरच्या घरीच घेतली होती. तो कागद इथे आलाय का, ते कुठल्या खिडकीवर विचारायचं गं?"