कोळशानं लिहिलेला शब्द

पाडव्याच्या सकाळी गुढी उभारायच्या आधी आमच्या घरी भिंतीवर एक शब्द लिहिला जायचा. वर्षभर त्या एका शब्दाला धरून वागायचं, असा आबांचा नेम होता. आबा म्हणजे माझे वडील, अंबाजी. बेडशाहून लोणावळ्याला आलेले, रेल्वेच्या शेडात कोळसा भरायचे. त्यांना लिहिता येत नव्हतं. आधी शेजारच्या खोलीतले, शेडातच कामाला असलेले अल्लाबक्षचाचा लिहून द्यायचे. मी शाळेत जायला लागले तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. शब्द मात्र आबांचाच. एकदा त्यांनी मुकादमावर फावडं उगारलं होतं. पुढच्या पाडव्याला त्यांनी 'सबूर' लिहून घेतलं आणि वर्षभर खरोखरच दात आवळून राहिले.

मी दहा वर्षांची होते त्या साली घाटात विजेची इंजिनं नवी नवी आली होती. पाडव्याच्या दीड महिना आधीपासून शेडात संप चालू होता. एकट्यानं कुणी कामावर परत जायचं नाही, असा आबांनी आणि चाचांनी हातावर हात मारला होता. दोन्ही घरांत नाचणीच्या पेजेवर दिवस चालले होते.

"यंदा काय लिहू?" मी कोळसा घेऊन विचारलं.

"'तेल' लिव," चुलीपाशी बसलेली आई म्हणाली. "भिंतीवर तरी दिसंल."

दारात उभे असलेले चाचा हसले. "मग वैनी, आमच्या भिंतीवर 'मटण' लिवायला पाठवा पोरीला."

आबा हसले नाहीत. "इमान लिव, झुंबर. मोटं लिव."

मी हातभर अक्षरं काढली.

पाडव्यानंतर आठ दिवसांनी बया तापली. बया माझी धाकटी बहीण, दीड वर्षाची. चौथ्या दिवशी तिचे डोळे वर जाऊ लागले, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात. संध्याकाळी रखमाजी मुकादम आला. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "अंबाजी, उद्या भोंग्याला हजर हो. डाक्तरला मी घेऊन येतो. न्हाईतर तुजी मर्जी."

तो गेल्यावर आई आबांना म्हणाली, "आता त्या भिंतीलाच इचारा, पोर जगंल का म्हून."

"मी हात मारलाय अल्लाबक्षच्या हातावर."

"मग त्यांना सांगून तरी जावा."

"सांगितलं तर तो जा म्हनंल," आबा म्हणाले. "त्येच न्हाई सोसायचं मला."

सकाळी मी उठले तेव्हा आबा नव्हते. भिंतीवर दोन खिळ्यांना वाकळ अडकवलेली होती, बरोबर शब्दावर. बयाला हुडहुडी भरली तशी आईनं ती ओढून काढली आणि तिच्या अंगावर घातली.

ऊन वर आल्यावर चाचा आले. हातात शेळीच्या दुधाचा तांब्या होता.

"अंबाजी कुटं गेला?"

आई बयावर वाकून राहिली. चाचांनी खुंटीकडे पाहिलं. आबांचा कामाचा निळा सदरा जवळजवळ दोन महिने तिथून हलला नव्हता. आज खुंटी रिकामी होती. मग त्यांची नजर भिंतीवर गेली.

"पोरी, हे तू लिवलंस?"

"व्हय, चाचा."

"अक्षर चांगलं हाय तुजं."

तांब्या उंबऱ्यावर ठेवून ते गेले.

दुपारी डॉक्टर आला. बया वाचली. वीसेक दिवसांनी संप मोडला. कामावर परत घ्यायच्या माणसांत चाचांचं नाव नव्हतं. चांदबीचाचीचं माहेर शिरगावला, तिकडे जायला ते निघाले. आबा न बोलावता सामान उचलायला गेले. चाचांनी त्यांना नको म्हटलं नाही. पत्र्याच्या पेटीची एक कडी आबांनी धरली, एक चाचांनी. स्टेशनपर्यंत दोघांनी ती तशीच नेली. मी मागून बोचकं घेऊन चालत होते.

गाडी सुटताना चाचा खिडकीतून म्हणाले, "पोर कशी हाय?"

"बरी हाय," आबा म्हणाले.

त्या दिवाळीला आई चुना लावत भिंतीच्या मधोमध आली तेव्हा आबा म्हणाले, "तेवडं सोड." तिनं शब्दाच्या कडेकडेनं कुंचा फिरवला. पांढऱ्या भिंतीवर तो आणखीच काळा दिसायला लागला. पुढच्या पाडव्याला मी कोळसा घेऊन उभी राहिले, तर म्हणाले, "आधीचा हाय की अजून." नवा शब्द त्यांनी पुन्हा कधी सांगितला नाही. घरी आलेला पाहुणा भिंतीकडे बघून "वा, अंबाजी!" म्हणाला की आबा पाणी आणायला उठायचे. घरात हंडा भरलेला असला तरी.

बया सहा वर्षांची झाली, अक्षराला अक्षर जोडायला शिकली. एका सकाळी ती भिंतीपाशी उभी राहिली आणि बोट ठेवून मोठ्यानं वाचू लागली, "इ... मा... न. आबा, मला वाचता आलं!"

आबांनी तिला उचलून घेतलं. तिचं तोंड त्यांच्या खांद्यावर होतं, म्हणून तिला त्यांचा चेहरा दिसला नाही. मला दिसला.