नंदनवनातली रक्तदात्यांची यादी

मित्रांनो, पापडासारखी पातळ, काळी, चौकोनी आणि मधोमध भोक असलेली मी एक फ्लॉपी आहे, कॉम्प्युटरमधली माहिती साठवणारी तबकडी. आता माझ्या कडा झिजल्या आहेत, पण एके काळी माझ्या पोटात अकराशे बारा माणसांची नावं होती.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. दहा बहिणी एका खोक्यात बसून आम्ही १९८८ साली नागपूरला आलो. तिथल्या नंदनवन वस्तीतल्या रक्तदाते मंडळाच्या दोन खोल्यांच्या कार्यालयात मला अरुंधतीनं हातात घेतलं. तिनं कॉम्प्युटरचा वर्ग नुकताच पूर्ण केला होता. तिनं चिठ्ठीवर ‘रक्तदाते – मूळ यादी’ असं लिहिलं आणि मगच ती चिठ्ठी माझ्यावर चिकटवली. आधी चिकटवून मग बॉलपेननं लिहिलं, तर मला आत खड्डा पडतो हे तिला ठाऊक होतं.

कन्हानच्या खाणीतले कामगार, कोराडीच्या वीज वसाहतीतले फिटर, नंदनवनातल्या भाजीवाल्या, सगळ्यांचे अर्ज तिनं एकेक करून टाइप केले. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात पत्ता, तिसऱ्यात रक्तगट. दवाखान्याचा फोन आला की ती मला यंत्रात सरकवायची आणि गट शोधायची. त्या वर्षभरात माझ्यामुळे कितीतरी माणसांना वेळेवर रक्त मिळालं. मंडळाचे चिटणीस मधुकरराव पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ होते. येणाऱ्या प्रत्येकाला ते मला लांबूनच दाखवायचे. “हिले हात लावू नका बरं! हिच्यात अर्धं नागपूर आहे!”

दुसऱ्या वर्षी मे महिन्यात अरुंधती बहिणीच्या लग्नाला भंडाऱ्याला गेली. ती परत येईपर्यंत यादी छान अकारविल्हे लावून ठेवावी, असं मधुकररावांच्या मनात आलं. त्यांच्या ओळखीच्या एका कारकुनाजवळ तयार मॅक्रो होता. मॅक्रो म्हणजे कॉम्प्युटरमधल्या यादीच्या पानाच्या कोपऱ्यात लिहिलेल्या हुकमांच्या ओळी. त्यांना ठरावीक नाव दिलं, की पान उघडताच त्या आपोआप धावतात, कुणालाही विचारत नाहीत. मधुकररावांनी त्या ओळी माझ्या पानात उतरवून घेतल्या. काय लिहिलंय ते त्यांनी वाचलं नाही. वाचलं असतं तरी त्यांना कळलं नसतं.

त्या कारकुनाच्या यादीत एकच रकाना होता, फक्त नावांचा. तिथे तो मॅक्रो निर्दोष होता. माझं पान पुन्हा उघडताच मात्र त्यानं फक्त नावं वरखाली केली. पत्ते आणि गट जागच्या जागी राहिले. शेवटच्या ओळीनं सगळं सेव्हही करून टाकलं. मित्रांनो, मला आतून सगळं कळत होतं, पण मला तोंड नव्हतं.

शनिवारी सकाळी अरुंधती परतली. मधुकरराव खुशीत म्हणाले, “पाहा वं, कशी लावली यादी!” ती नीट पाहणार तोच फोन वाजला. कोराडीच्या वसाहतीतली जयवंता नावाची बाई बाळंतपणात खूप रक्त जाऊन दवाखान्यात पडली होती. ओ निगेटिव्ह रक्त तातडीनं हवं होतं.

त्या गटाचे दाते सगळे मिळून एकोणीसच. त्यांत पहिलंच नाव आलं धोंडबाचं. तो कन्हानच्या खाणीत आहे हे मधुकररावांना माहीत होतं. त्यांनी खाणीत निरोप दिला. धोंडबा हातातलं काम टाकून बसनं दवाखान्यात पोचला, आणि तिथूनच त्यानं फोन केला.

“बाई, माहा गट तं बी पॉझिटिव्ह आहे. अर्जात तेच लिहिलं होतं. इथं तपासलं, तरी तेच निघालं. मले काहून बोलावलं?”

अरुंधतीनं फोन ठेवला. तिनं पडद्यावर नाव शोधलं, प्रयागबाई. कोपऱ्यावर भाजीचा ठेला लावणारी. तिचा अर्ज अरुंधतीनं स्वतः भरून घेतला होता, ओ निगेटिव्ह. पडद्यावर मात्र तिच्यासमोर ए पॉझिटिव्ह होतं.

“काका, नावं सरकली! गट तसेच राहिले!”

मधुकरराव खुर्चीत बसून राहिले. अरुंधती मात्र भर उन्हात धावत सुटली. प्रयागबाई वांगी मांडत होती. सगळं ऐकून तिनं पदर खोचला. “चाल वं. ठेल्याचं पाहून घेतील लोक.”

दोघी ऑटोनं दवाखान्यात पोचल्या. तासभर वाया गेला होता, पण तपासणी करून प्रयागबाईचं रक्त जयवंताला चढलं. संध्याकाळी फोन आला, आई आणि मुलगी दोघीही वाचल्या.

मधुकरराव तोवर खुर्चीतून उठले नव्हते. “माह्या हातानं एक बाई मरत होती,” ते म्हणाले आणि त्यांना रडू फुटलं. अरुंधतीनं त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.

“काका, तुम्ही चांगल्यासाठीच केलं. पण न वाचता चालवलं. मीही चुकले. तुमच्याजवळ मूळ यादीच ठेवून गेले, तिची दुसरी प्रत काढलीच नाही.”

मग अरुंधतीनं त्या ओळी पुसून टाकल्या आणि दोघांनी अकराशे बारा अर्ज पुन्हा काढले. महिनाभर कूलरसमोर बसून मधुकरराव मोठ्यानं वाचत होते आणि अरुंधती दुरुस्त करत होती. जिथं शंका आली, तिथं मधुकरराव सायकलनं त्या माणसाच्या दारी जाऊन विचारून आले. त्या महिन्यात मला पहिल्यांदा वाटलं, की मी नुसती वस्तू नाही, कुणीतरी मला आजारातून उठवतंय.

पुढे प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली. तिच्यात एक सोय होती. पान उघडल्यावर मॅक्रो आपोआप चालवायचा का? हो किंवा नाही. अरुंधतीनं ‘नाही’ निवडलं. बाहेरून आलेला मॅक्रो आधी ती ओळीओळीनं वाचायची, मग नकलेवर चालवून बघायची. मी दुसऱ्याच्या हाती जाणार असेन, तर माझ्या काठावरची खाच चंदेरी पट्टीनं बंद करायची. मग मला कुणीही वाचू शकायचं, पण माझ्यात काही लिहू शकायचं नाही.

आता माझा काही भाग वाचता येत नाही. माझी यादी कधीच नव्या फ्लॉपीवर गेली. त्याचं मला दुःख नाही. तुम्हाला एकच सांगणं आहे, मित्रांनो. तुमच्या पानात परक्या ओळी आल्या, तर घाईनं ‘हो’ म्हणू नका. त्या कुणी लिहिल्या आणि काय करतात हे विचारा. कळत नसेल, तर कळणाऱ्याला बोलवा. एवढ्यानं तुमची दोन मिनिटं जातील, जाऊ द्या. तुमच्या पानावरच्या प्रत्येक नावामागे कुणीतरी श्वास घेत असतं.