अभ्यासाचं टेबल आणि आरोहीची चौथी

मी पाष्ट्यांच्या घरचं घडीचं टेबल बोलतोय. अभ्यासाचं टेबल म्हणून मला आणलं. अभ्यास सोडून माझ्यावर काय काय झालं ते सांगायला बसलो, तर माझीच शोभा होईल; पण आता लपवण्यासारखी अब्रूही उरलेली नाही.

माझा जन्म भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यातला. सागवान, शिसव असलं आपलं घराणं नाही. भुसा आणि डिंक दाबून केलेली फळी, खाली दुमडणारे लोखंडी पाय आणि वर गुलाबी सनमायका. त्यावर एबीसीडी छापलेली. चौथीतल्या मुलीला एबीसीडीचं टेबल कोण घेतं? पण निकेत पाष्टे मला घ्यायला आले तेव्हा दुकानदाराने विचारलं, "बेबी कौनसी में है?"

"अभी चौथी में जाएगी."

"फिर तो लेना ही पड़ेगा, सर. असली पढ़ाई तो चौथी से चालू होती है."

माणूस धंद्यापुरतं बोलला, पण बोलला ते खरं होतं. फक्त त्यावरचा उपाय म्हणून त्याने मला पुढे केलं आणि मीही छाती काढून उभा राहिलो.

सिल्व्हर पार्कच्या त्या वन बीएचकेमध्ये मला खिडकीशी जागा मिळाली. निकेतनी माझा फोटो रत्नागिरीला भावाला पाठवला. आरोही पहिले काही दिवस माझ्यापुढे बसलीही. मग माझ्यावर इस्त्रीचे कपडे आले, पार्सलांचे खोके आले, एकदा आठवडाभर शेजारच्या हर्षाबेनचा मिक्सर होता. आरोही माझ्या खाली चटई टाकून पालथी पडायची आणि तिथे अभ्यास करायची. छत म्हणून मी बरा होतो म्हणायचा.

तिसरीपर्यंत या मुलीचं गणित फार चांगलं. बेरीज-वजाबाकी ती बोटांवरही न मोजता करायची. चौथीच्या पहिल्या चाचणीत मात्र निम्मेही गुण नाहीत.

"येतं सगळं," निकेत म्हणाले, "लक्ष नाही."

मला हे शंभर टक्के पटलं. माझ्यापुढे बसत नाही, मग लक्ष कुठून असणार, हा माझा सिद्धान्त. फळीला डोकं नसतं, पण मतं असतात.

मग ट्यूशन लागली. चित्रकलेचा क्लास बंद झाला. आरोही पूर्वी शाळेतून आली की चपला काढता काढताच बोलायला लागायची. कोणी डब्यातला ढोकळा पळवला, कोणाला टीचर ओरडली, सगळं. आता तिची आई रसिका विचारायची, "आज काय झालं शाळेत?" आणि ती म्हणायची, "काही नाही." सकाळी तिचं पोट दुखायचं. डॉक्टरांना पोटात काही सापडलं नाही. रविवारी तिचं पोट दुखत नसे, हे रसिकाने नवऱ्याला सांगून पाहिलं. ते म्हणाले, "बघ, नाटकं आहेत."

दिवाळीनंतर पालकसभेतून निकेत आले ते थेट माझ्याकडे. माझ्यावरचे कपडे पलंगावर फेकले. मला वाटलं, आले बाबा आपले दिवस.

"आरोही, इथे बस. टीचर सांगत होती, शाब्दिक गणितं तू करतच नाहीस. पान कोरं ठेवतेस. का?"

ती बसली. कंपासच्या टोकाने माझ्या एबीसीडीतला क्यू खरवडत राहिली.

"टेबल घेऊन दिलं, ट्यूशन लावली, अजून काय पाहिजे तुला?"

माझा उल्लेख पहिला आला म्हणून मी फुललो. एवढ्यात निकेतनी "बोल ना" म्हणत माझ्यावर हात आपटला.

आणि मी बसलो. म्हणजे खरोखर बसलो. एक पाय दुमडला, स्क्रू उडाला, वही, पुस्तक, कंपास, पाण्याची बाटली आणि माझी सगळी शान घेऊन मी जमिनीवर आलो. ज्याच्या आधारावर बापाने भाषण केलं, तोच भाषणाच्या मधोमध कोसळला.

आरोही घाबरून भिंतीला चिकटली. तिला वाटलं, आता मार बसणार. तिचा तो चेहरा निकेतना दिसला. ते गुडघ्यावर बसून स्क्रू शोधू लागले. स्क्रू मिळेना. पाणी पसरत गणिताच्या पुस्तकाकडे चाललं होतं, म्हणून त्यांनी पुस्तक उचललं आणि तिथेच मांडी घातली.

"ये," ते हळू आवाजात म्हणाले. "ओरडत नाही. एक वाचून दाखव."

ती लांबच बसली. पण वाचलं मात्र घडाघडा. "सुनीता हॅज फॉर्टी मँगोज. शी हॅज टेन फ्यूअर दॅन रवी. हाऊ मेनी मँगोज डज रवी हॅव?"

"मस्त वाचतेस की. मग कर."

तिने पेन्सिल उचलली आणि परत खाली ठेवली.

"काय अडलंय?"

ती म्हणाली, "फ्यूअर म्हणजे कमी ना? मग मी वजा केलं. टीचरने चूक दिली. प्लस का करायचं?"

निकेतनी पुस्तक घेतलं. एकदा वाचलं, दोनदा वाचलं. मग कानामागे खाजवलं. "थांब हां. मलाही नाही कळलं."

आरोहीने पहिल्यांदा मान वर केली. निकेतनी तेच वाक्य स्वतःशी मराठीत म्हणून पाहिलं.

"असं बघ. सुनीताकडे चाळीस आंबे. रवीपेक्षा तिच्याकडे दहा कमी आहेत. मग जास्त कोणाकडे?"

"रवीकडे."

"किती?"

"पन्नास. एवढं सोपं आहे?" ती म्हणाली. "मग असं का नाही लिहीत?"

रसिका ओल्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने विचारलं, "मग सांगितलं का नाहीस, बाळा?"

"तुम्ही म्हणाल, वाचता येतं आणि समजत नाही?" ती रडायला लागली. "शाळेत पण हसतात. टीचरने मला पहिल्या बाकावर आणलं, तेव्हापासून माझ्या शेजारी बसायची ती महेक माझ्याशी बोलत नाही."

रसिका तिथेच ओल्या फरशीवर बसली आणि तिला जवळ घेतलं. निकेत पुस्तकाची पानं उलटत राहिले. तिसरीपर्यंत गणितात चिन्ह दिसायचं. चौथीत चिन्ह गेलं आणि त्याच्या जागी वाक्य आलं. पोरगी फाडफाड इंग्रजी वाचते म्हणून ते पाहुण्यांपुढे तिला उभं करायचे. तिला कळतं का, हे कोणी विचारलंच नव्हतं. मीही नाही. माझा सिद्धान्त तर वेगळाच होता.

दुसऱ्या दिवशी निकेत टीचरला भेटले. ती म्हणाली, "घरी गणिताची तुमच्या भाषेत गोष्ट करून सांगायला लावा. मग इंग्रजी." तेव्हापासून बापलेक रोज तेच करत. कधी गणित, कधी बिस्किटाच्या पुड्यावरचा मजकूर, कधी सोसायटीची नोटीस. त्या नोटिशीचा अर्थ मात्र दोघांनाही लागला नाही.

वार्षिक परीक्षेत आरोही पहिली वगैरे आली नाही. पान कोरं ठेवलं नाही, एवढंच. पोटदुखी थांबली, चित्रकला परत सुरू झाली. महेक काही परत आली नाही. त्याबद्दल आरोही अजून कधीतरी रडते, पण आईला सांगून रडते.

मला नवीन स्क्रू बसला, तरी मी जरा डुलतोच. परवा हर्षाबेन आल्या. त्यांचा मुलगा यंदा चौथीत.

"भाभी, टेबल देते हो क्या? अच्छा है ना?"

"अच्छा है," रसिका म्हणाली. मग म्हणाली, "पर आप भी साथ में बैठना."

"मेरेको मराठी-इंग्लिश किधर आता है?"

"तो उसको बोलो, आपको समझाए."

हर्षाबेन हसल्या. आता मी पाय दुमडून त्यांच्या दाराशी उभा आहे. आईबाबांनो, मला जरूर विकत घ्या, आमच्या गाळ्याचं पोट त्यावर चालतं. पण मला ऐकू येतं, मुलाला विचारता मात्र येत नाही. तेवढं तुम्ही करा.