अकराव्या पानावरची जागा

"आई, आता बास करा ना! पाहुणे येईपर्यंत घसा बसेल तुमचा," आश्लेषा लॅपटॉप मिटत म्हणाली.

सासूबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. एका हातानं आप्पे उलटत आणि दुसऱ्या हातात वहीचं पान धरून शोभनाकाकू तेच पुन्हा वाचत होत्या. हौसा भाषेतली सात वाक्यं. देवनागरीत उतरवलेली, जिथे थांबायचं तिथे लाल रेघ. नागपुरात महानगरपालिकेच्या शाळेत एकतीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळलेल्या बाईंवर अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरमध्ये पुन्हा पहिलीत बसायची वेळ आली होती आणि परीक्षा आजच होती.

कारण सोमवारी हलीमा ह्यूस्टनला निघणार होती, नर्सिंग शिकायला. जाण्याआधी ती आज आपल्या आईला घेऊन येणार होती. आई महिन्यापूर्वीच नायजेरियातल्या कानो शहरातून आली होती आणि तिला हौसाखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. पुन्हा भेट होईल याची काय शाश्वती? त्या माउलीचे आभार तिच्याच भाषेत मानायचे, एवढं एकच काकूंना करायचं होतं.

हलीमा या घरात आली ती काकूंचे यजमान गुरुनाथ अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळले तेव्हा. एजन्सीनं पाठवलेली, उंच, डोक्याला रुमाल बांधलेली. सकाळी आठला यायची आणि आजाऱ्याकडे वळण्याआधी काकूंना विचारायची, "इना गाजिया?" म्हणजे तुमचा थकवा कसा आहे? त्यांच्याकडे तशी रीतच आहे म्हणे. आधी घरादाराची चौकशी, मग थकव्याची. रीतीप्रमाणे उत्तर द्यायचं, "बा गाजिया", थकवा नाही. त्या दिवसांत फोन पुण्याहून येवो की नागपूरहून, सगळे 'त्यांचं' विचारायचे. काकूंचा थकवा विचारणारी ही एकटीच होती. पहिल्या दिवशी त्यांनी "बा गाजिया" म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडून घेतलं.

चौदा महिने हलीमानं यजमानांना न्हाऊमाखू घातलं, भरवलं, दाढी करून दिली. मार्चमध्ये ते गेले. नंतर काकूंनी तिचे इंग्रजीत आभार मानून पाहिले, पण समाधान होईना. थँक्यू तर इथे दुकानाचं दार धरून ठेवणाऱ्यालाही म्हणतात! मग त्यांनीच हट्ट धरला, "मला तुझी भाषा शिकव." हलीमानं तिच्या लहानपणीचं चित्रांचं वाचनपुस्तक कानोहून मागवून दिलं आणि दर शनिवारी तासभर येऊन बसू लागली. बोकड बाजारात जातो, आजी बाजरी कांडते, अशी दोन-दोन ओळींची वाक्यं. काकू बोट ठेवून वाचायच्या आणि शिष्याच्या जागी बसूनही मास्तरकी सोडायच्या नाहीत. अकराव्या पानावर तर त्यांनी चक्क चूक शोधून काढली. आई तीन मुलांना जेवायला बोलावते. औदू, ये. बिंता, ये. आणि थोरलीला नुसतंच, "के मा, झो." तूही ये. दोघांना नावं आणि तिसरीला नाही? "छापणाऱ्यानं खाल्लं वाटतं," असं म्हणत काकूंनी हलीमाच्या पाठीमागे पेन्सिलीनं त्या जागी सुबक अक्षरात नाव भरून टाकलं. दुसरं कुठलं सुचणार होतं? हलीमा.

बेल वाजली. हलीमाची आई, हाजिया, ठेंगणी आणि हसरी होती. अंगावर निळी ओढणी घेतलेली. धाकटा मुलगा अमिनू सगळ्यांना नमस्कार करून गाडीत जाऊन बसला. त्याचं ऑफिसचं काहीतरी चाललं होतं. हाजियानं घराची, सुनेची, थकव्याची रीतसर विचारपूस केली आणि काकूंनी न अडखळता उत्तरं दिली. आप्पे पाहून तर हाजिया हरखल्याच. त्यांच्याकडेही असंच खळग्यांच्या तव्यावर करतात.

मग काकूंनी चष्मा चढवला आणि पान उघडलं. तुमच्या मुलीनं, हलीमानं, माझ्या नवऱ्याची सेवा केली. हलीमासारखी मुलगी मी पाहिली नाही. हलीमा आता माझीही मुलगी आहे. एकही रेघ चुकली नाही.

हाजियाचं हसू मावळलं. त्यांनी ओढणी तोंडावर ओढली, मान खिडकीकडे वळवली आणि काहीतरी तुटक पुटपुटल्या. मुलीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

काकूंनी पान मिटलं. "अगं, काय चुकलं माझं?" त्यांनी हलीमाला इंग्रजीत विचारलं.

हलीमा मान खाली घालून हसत होती. "तुमचं काही चुकलं नाही, काकू. मी तिची पहिली मुलगी. आमच्यात आई पहिल्या मुलाचं नाव घेत नाही. लाजते. चारचौघांत त्याचं कौतुकही ऐकून घेत नाही. मला तिनं जन्मात नावानं हाक मारलेली नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

काकूंना अकरावं पान आठवलं आणि कानशिलं तापली. एकतीस वर्षांची मास्तरीण, आणि चूक दुरुस्त करायला गेली ती अशी!

तेवढ्यात हाजिया उठून भिंतीवरच्या फोटोपाशी गेल्या. चंदनाच्या हारावर हलकेच बोट फिरवलं आणि वळून काकूंना विचारलं, यांचं नाव काय?

प्रश्न अगदी दुसऱ्या धड्यातला होता. उत्तर पाठ होतं. काकूंनी तोंड उघडलं आणि मिटलं. एक्केचाळीस वर्षं 'अहो', लोकांत 'हे', नातीसमोर 'केयाचे आजोबा'. बँकेत विचारलं तरी त्या कागदावर लिहून द्यायच्या. आता माणूस राहिला नाही, तरी नाव ओठांवर येईना. त्यांनी पदर सावरला आणि त्याही खिडकीकडे पाहू लागल्या.

हाजिया क्षणभर बघतच राहिल्या. मग खळखळून हसल्या, जवळ आल्या आणि काकूंचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरून म्हणाल्या, "ना गोदे." मी आभारी आहे. काकूंचे डोळे भरून आले. आभार मानायचे होते यांनी, आणि पदरात पडले यांच्याच.

निघताना हलीमाचा पाय निघेना. दारात उभी राहून ती पुन्हा पुन्हा काकूंना मिठी मारत होती. "इना गाजिया?" तिनं विचारलं. काकूंनी या वेळी रीत मोडली. "आहे गं थोडा," त्या मराठीतच म्हणाल्या. तिला ते बरोबर कळलं.

खालून हाजियाचा आवाज आला. "अमिनू!" गाडी सुरू झाली. मग जरा थांबून, हळू आवाजात, "के मा, झो."

दाराशी उभ्या काकूंना ते लख्ख ऐकू आलं. हलीमा धावत गेली.

गाडी वळणाआड गेल्यावर त्या आत आल्या. फोटोखाली बसून त्यांनी पुस्तकाचं अकरावं पान उघडलं, केयाच्या कंपासपेटीतलं खोडरबर घेतलं आणि पेन्सिलीनं लिहिलेलं नाव कागद फाटू न देता हळूहळू पुसून काढलं. मग फुंकर मारून चुरा उडवला आणि ती ओळ मोठ्यानं वाचली, जशी छापली होती तशी.