परसों लावलेला रंग

कुलदीपवर मी तीन वर्षं डूख धरून होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे जे केलं ते माझ्या हातून चुकून झालं असं कुणाला वाटायला नको.

माझा बुक्का कॉकर स्पॅनियल होता. काळाभोर म्हणून बुक्का. छातीवर मात्र रुपयाएवढा पांढरा डाग, आणि तो मला भारी आवडायचा. हैदराबादेतल्या मलकपेठचा कुलदीप लोकांची कुत्री सजवून प्रदर्शनात फिरवायचा. आधी घोड्यांना खरारा करायचा, मग कुत्र्यांत शिरला. "अक्का, चार दिन मेरेकू देओ, चँपियन बनाके लातौं," म्हणाला आणि मी शहाणीने पट्टा त्याच्या हातात दिला.

डाग झाकायला त्याने माणसांच्या केसांचा काळा रंग फासला. बुक्काने छाती चाटली. गळा सुजायला लागल्यावर या महाशयांनी छातीवरचे केस मुळापासून उतरवले आणि कुत्रा माझ्या दारात आणून सोडला. कातडीवर काळे ओघळ तसेच होते. बुक्का तिसऱ्या दिवशी माझ्या मांडीवर गेला. आणि कुलदीप गावभर सांगत सुटला, "अक्का लाड लाड में चाकलेट खिलाए." केस नाहीत, ओघळ बुक्काबरोबर मातीत गेले, पुरावा नाही. बरकतपुऱ्याच्या बागेत कुत्री फिरवणाऱ्या बायका मला पाहिलं की आपल्या कुत्र्यांना जवळ ओढून घ्यायच्या.

मी रडत बसले नाही. श्वानप्रेमींच्या मंडळात गेले आणि लिखापढीचं काम मागून घेतलं. प्रदर्शनाच्या दिवशी रिंगणाशेजारच्या टेबलावर बसायचं, परीक्षकांनी सांगितलेलं लिहायचं. नियम मला तोंडपाठ झाले. प्रवेशाच्या फॉर्मवर सही केल्यानंतर कुत्र्याला रंग, खडू, काहीही लावलं तर हँडलर, म्हणजे कुत्रं फिरवणारा, पाच वर्षं बाद. सहीच्या आधीचा जुना रंग निघाला तर कुत्रं तेवढ्या दिवसापुरतं बाहेर, बस्स. तीन वर्षं मी कुलदीपच्या प्रत्येक कुत्र्याकडे डोळे फाडून पाहत होते, आणि तीन वर्षं तो सुटत होता.

या डिसेंबरात नामपल्लीला प्रदर्शन भरलं. रविवार होता. कुलदीपने एक काळा स्पॅनियल रिंगणात आणला. परीक्षक बाईंनी त्याच्या छातीवरचे केस फुंकर मारून बाजूला केले आणि भुवया चढवल्या. वर काळं, मुळाशी पांढरं. त्यांनी कुलदीपला आमच्या टेबलाकडे पाठवलं आणि त्या पुढच्या कुत्र्याकडे वळल्या.

मी उठून स्वतः केस उचलून पाहिले. मुळाशी चांगलं दोन बोटं पांढरं वाढलेलं. म्हणजे रंग तीन-चार महिन्यांपूर्वीचा. फॉर्मवरची सही दहा दिवसांपूर्वीची. गडी पुन्हा सुटणार होता.

टेबलावर माझ्या शेजारी सुधीर जोगळेकर, आमच्या मंडळाचे सेक्रेटरी. पुण्याहून नोकरीसाठी आलेले, हैदराबादेत येऊन त्यांना जेमतेम वर्ष झालेलं. सभ्य गृहस्थ, कुत्र्यांच्या केसांतलं फारसं कळत नव्हतं, पण नियम म्हणजे नियम.

"ये कलर कब लगाया?" त्यांनी विचारलं.

"परसों लगाया सो साब. उसके बाद हात नै लगाया, अम्मा की कसम."

सुधीर माझ्याकडे वळले. "त्रिवेणीताई, परसों म्हणजे परवाच ना?"

आता हैदराबादेत 'परसों' म्हणजे काय, हे इथलं शेंबडं पोरसुद्धा जाणतं. परसों म्हणजे होऊन गेलेला कुठलाही दिवस. गेला आठवडा परसों, गेलं वर्षही परसों. आमच्या घरातल्या मराठीचंही तेच झालंय. माझे वडील 'परवा' म्हणून निजामाच्या काळातल्या गोष्टी सांगायचे.

"हो," मी म्हटलं. "परवा."

आणि कागदावर इंग्रजीत लिहिलं: रंग शुक्रवारी लावल्याचे हँडलरने कबूल केले. कुलदीपला वाटलं, एका दिवसावर भागलं. त्याने न वाचता सही ठोकली. वर मला म्हणाला, "अक्का, आप दिल में कुछ नै रखे, अच्छा है."

सुधीरनी पाच वर्षं म्हणून सांगितलं, तेव्हा तो आधी हसला. मग ओरडायलाच लागला. "परसों बोले तो चार महिने हुए साब! मेरी शादी बी परसोंच हुई, दो बच्चे हैं मेरेकू!"

"सही आहे तुमची," सुधीर म्हणाले, पण त्यांचा चेहरा पडला होता. त्यांनी मला विचारलं, "ताई, असं असतं का हो इथे?"

"आमच्या घरात तरी परवा म्हणजे परवाच," मी म्हटलं.

कुलदीपला कळलं. टेबलावर वाकून तो हळूच म्हणाला, "अक्का, मेरे पेट पे नक्को मारो. तुम इधरकेच हैं ना, बोलो ना साब कू."

"बोलते. आधी तू बोल. बुक्का कशाने गेला ते, सगळ्यांसमोर."

मी पेनाचं टोपण लावलं आणि कागदाची घडी घालायला लागले.

"मैं लगाया सो रंग से," तो म्हणाला. मी 'मोठ्याने' म्हटलं. तो मोठ्याने म्हणाला. शेजारच्या रिंगणातली माणसं वळली. बागेतल्या बायकांपैकी दोघी खुर्च्यांवर होत्या, त्याही उठून उभ्या राहिल्या. "डब्बी का काला रंग था. चाट लिया उनो. अक्का चाकलेट नै खिलाए, मैं झूट बोला."

सुधीर हबकले होते. "हे कधीचं?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, आता हा परसों म्हणणार.

"दस दिसंबर, सनिच्चर," कुलदीप म्हणाला. "तीन साल हुए. शाम कू साडेचार बजे लगाया."

ती वेळ मला कधी कळलीच नव्हती. याला ठाऊक होती. तीन वर्षं घड्याळ लक्षात ठेवून तो चॉकलेटची गोष्ट सांगत फिरला होता.

मी नवा कागद घेतला आणि तारीख, वार, साडेचार, सगळं लिहून काढलं. त्यावरही त्याची सही घेतली. या वेळी त्याने वाचायला लावलं, आणि मी त्याला शब्दन् शब्द वाचून दाखवला.

"अब बोलो अक्का," तो म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. "परसों बोले तो क्या, साब कू बोलो."

सुधीर माझ्याकडे पाहत होते.

"मला काही सांगायचं नाही," मी म्हटलं आणि दोन्ही कागद त्यांच्या हातात दिले.